पलटणवाल्या आज्याचा बिल्ला

दादा, जेवून उठायचास आणि ताट तिथेच ठेवून हात धुवायला जायचास. सारं आयुष्य हेच केलंस. आताही तसाच उठून गेलास. मागचं आवरायला मी आहेच.

आज सकाळी चहा पिताना तुझा सुमेध म्हणाला, "आत्या, पाटीवर काय लिहायचं ते आज सांग. भांडेवाला थांबून राहिला." रविवारी पवनीच्या विहारात तुझा पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम आहे. त्या दिवशी आपल्या घरचा बिल्ला विहाराच्या वाचनालयाला द्यायचा, असं पोराने ठरवलं आहे. काचेचं कपाट, त्यात बिल्ला आणि खाली पितळेची छोटी पाटी. भंडाऱ्यात ज्या दुकानात लग्नाच्या गुंडांवर, म्हणजे पितळी घागरींवर, 'मामाकडून सप्रेम भेट' कोरून मिळतं, तिथेच पाटी सांगितली आहे. कापून, गुळगुळीत करून तयार आहे म्हणे. फक्त अक्षरं राहिली आहेत.

एका ओळीचं काम आहे. पण त्या एका ओळीवरून तू आणि मी इतकी वर्षं भांडलो, की शेवटी शेवटी तुझी बायकोसुद्धा आपल्याला चहा देऊन आत निघून जायची. वहिनी सुटली बिचारी, तुझ्या आधीच गेली. भांडणाचा निकाल मात्र लागला नाही, आणि तो आता एकटीने लावायचा याचा मला भारीच कंटाळा आला आहे.

थकले रे मी. तुझ्या दवाखान्याच्या खेपा झाल्या, मग तुझं जाणं झालं, मग भेटायला येणारी माणसं. प्रत्येकाला सगळं पहिल्यापासून सांगायचं, आणि प्रत्येकाने शेवटी म्हणायचं, "तुम्ही तर नर्स होता, तुम्हाला काय हे नवीन." दुसऱ्यांची मरणं नवीन नव्हती. तुझं पहिलंच आहे.

हे कोणी परकं वाचेल तर त्याला कळावं म्हणून बिल्ल्याचं सांगते. तू मध्ये बोलू नकोस.

बिल्ला म्हणजे बंद्या रुपयाहून थोडा मोठा पितळेचा तुकडा. मधोमध दोरीला टांगलेलं वाकडं शिंग, भोवती पानांची माळ, वर मुकुट. माळेवर कधीकाळी बारीक अक्षरं होती. आपल्या लहानपणी बोटाला नुसता खरखरीतपणा लागायचा, पुढे तोही गेला. आपल्या बापाचा आजा सोमा कामठीच्या छावणीत इंग्रजांच्या पलटणीत होता आणि हा बिल्ला त्याने घरी आणला, एवढीच गोष्ट आपल्या वाट्याला आली. घरात त्याला सगळे पलटणवाला आजा म्हणत. माय त्याच्याबद्दल एकच सांगायची, तेही तिच्या सासूकडून ऐकलेलं. "आज्याचे हात कोपरापावतर काळे रायेत. किती बी धुतले तरी." तू लगेच म्हणायचास, बंदुकीची दारू. आम्ही सगळे माना डोलवायचो.

छप्पन साली दीक्षा घेतली तेव्हा घरातले देव वैनगंगेत सोडले. माय तेव्हा नवी सून होती. देवाची फळी रिकामी झाली, तिथे बुद्धाची तसबीर आली. पण तसबीर काही चिंचेने घासता येत नाही. दसरा जवळ आला की मायचे हात शिवशिवायचे. देव गेले होते, हातांची सवय गेली नव्हती. मग एक गुंड, एक लोटा आणि फळीवरचा बिल्ला, एवढ्यावर तिने ती सवय भागवली. चिंच भिजवायची, चुलीतली राख घ्यायची आणि फळीमागच्या लाकडी ब्रशने घासायचं. तो ब्रशही आज्याचाच. केस झिजून खुंटं राहिलेली, पाठीवर बोटं रुतवायला खोबणी. आपण त्याला घोड्याचा ब्रश म्हणायचो. शिपाई म्हटला म्हणजे घोडा असणारच, असा आपला हिशेब.

मायचे हात थकल्यावर ते काम माझ्याकडे आलं. लग्न झालं, बदल्या झाल्या, तरी दसऱ्याला मी पवनीला यायची आणि बिल्ला घासायची. तू जवाहरनगरच्या क्वार्टरमधून फॅक्टरीच्या सुटीत यायचास. कामाला कधी हात लावला नाहीस. फक्त बिल्ला उजेडात धरायचास, डोळा बारीक करायचास आणि म्हणायचास, "कमे, कोपऱ्यात काळं रायलं."

आज ते वाक्य आठवलं आणि मला हसू आलं. 

पण त्या शिपायाचं माझ्यावर ऋण आहे, ते मी नाकारत नाही. नर्सिंगला मला नागपूरला सोडायला तू आला होतास. बाप म्हणत होता, पोरीला एवढ्या दूर कायले पाठवायचं, आणि तू त्याच्याशी आठवडाभर अबोला धरला होतास. एसटीत मी खिडकीकडे तोंड करून रडत होते. तू म्हणालास, "कमे, घाबराचं नाही. आपण पलटणवाल्याच्या घरचे आहो. कोणी काही इचारलं तर सांगजो, माहा पणजा रायफल धरत होता." हॉस्टेलात माझं आडनाव कळल्यावर एका मुलीने आपली खाट दुसऱ्या खोलीत हलवून घेतली. मी तिच्यादेखत रडले नाही. मनात म्हटलं, जा बाई, माझा पणजा रायफलवाला होता. असा तो शिपाई माझ्या उशाशी सगळं शिक्षण होईपर्यंत उभा होता. तू दिलेला होता, म्हणून आणखी जवळचा वाटायचा.

मग तू इंग्लंडला गेलास.

सुमेधची तिकडे नोकरी होती. त्याने तुला बोलावून घेतलं, आणि तू राणीचा वाडा बघायच्या आधी रायफल पलटणींचं संग्रहालय बघायचं म्हणून हटून बसलास. एका जुन्या गावात, पलटणीच्याच बराकीत केलेलं. बिल्ला रुमालात बांधून नेला होतास. परत आलास तेव्हा मी ओसरीत लाखोळीची भाजी निवडत बसले होते. तू समोर खुर्ची ओढलीस, आणि तुझी बोलायची पद्धतच बदललेली होती. एरवी तू आधी शेवट सांगून मग गोष्ट सुरू करायचास. त्या दिवशी क्रमाने सांगत गेलास, शेवट लांबवत.

म्हणालास, कपाटामागून कपाटं होती. गडद हिरवे कोट. बटणं काळी, पट्टे काळे आणि बिल्लेही काळे. तेच वाकडं शिंग, तीच माळ, तोच मुकुट, पण सगळं काळंकुट्ट. तुझं डोकंच फिरलं. तिथे एक म्हातारा बसला होता, त्याच पलटणीतून निवृत्त झालेला, येणाऱ्या-जाणाऱ्याला माहिती सांगणारा. तू सुमेधला म्हणालास, "याले सांग, एवढं मोठं म्युझियम अन् एकानं बी हात लावला नाही का? चिंच लावा म्हणा, राख लावा. भंडाऱ्याले धाडून द्या, एका दिवसात सोन्यासारखं करून देतो." सुमेध भाषांतर करायला तयार नव्हता. तू करायला लावलंस. म्हातारा डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसला.

मग त्याने समजावून सांगितलं. बाकीच्या पलटणी लाल कोट घालून, झेंडा घेऊन, रांगेत उभ्या राहायच्या. रायफलवाले झाडाआड, दगडाआड लपून एकेकटे नेम धरायचे. अंगावर काही चमकलं की गोळी आलीच. म्हणून सगळं काळं. त्यांना झेंडाही नसे. जिथे लढले त्या गावांची नावं ते बिल्ल्यावर घालत, तोच त्यांचा झेंडा. तू रुमाल सोडून आपला बिल्ला पुढे केलास. म्हाताऱ्याने भिंगातून पाहिला, उलटा करून पाहिला, पुन्हा पाहिला आणि दोन्ही हातांनी परत दिला. म्हणाला, "तुमच्या घरच्यांनी फार मायेने ठेवलाय." नाव एकही उरलं नव्हतं. बिल्ला रायफलवाल्यांचा एवढं नक्की, पण त्यांतली कोणती पलटण, कुठली लढाई, काही सांगता येईना.

"चिंचेनं सारी लढाई खाल्ली, कमे," तू म्हणालास. मी भाजी निवडत राहिले. मायचे ओले हात मला दिसत होते.

इथे थांबला असतास तर बरं होतं. पण तू म्हाताऱ्याला विचारलंस, आमचा आजा अशाच पलटणीत शिपाई होता, त्याचं नाव कुठे मिळेल? म्हातारा जरा घुटमळला. म्हणाला, या गोऱ्यांच्या पलटणी. यांच्यात हिंदुस्थानी माणसाच्या हाती रायफल नव्हती. हिंदुस्थानी शिपायांच्या पलटणी वेगळ्या, त्यांचे बिल्ले वेगळे. हा टोपीवरचा बिल्ला साध्या गोऱ्या शिपायाचा आहे. तुझ्या आज्याला तो दिला, सापडला की टाकलेल्यातून उचलला, हे आता कोण सांगणार. पण या पलटणी हिंदुस्थानात असताना त्यांच्याबरोबर स्वयंपाकी असत, पाणके असत, धोबी असत. आणि त्याने पलीकडच्या कपाटाकडे बोट दाखवलं. तिथे आपल्या फळीवरचा ब्रश होता. तसाच लाकडी, पाठीवर तशीच खोबणी. शेजारी काळ्या रोगणाची डबी. बूट आणि पट्टे काळे करायचा ब्रश, असं खाली लिहिलेलं.

घोडा नव्हताच, दादा. आणि बंदुकीची दारूही नव्हती.

फोटोचं तू सगळ्यात शेवटी सांगितलंस. हिंदुस्थानातल्याच कुठल्या तरी छावणीचा फोटो. गोरे शिपाई वऱ्हांड्यात बसलेले, पुढे पलटणीचं कुत्रं. कडेला एक काळा माणूस उकिडवा बसलेला, एका हातात बूट, एका हातात ब्रश. तो आपला आजा असेल असं काही नाही, असे शेकड्यांनी असतील. पण फोटोखाली सगळ्यांची नावं होती. गोऱ्यांची तर होतीच, कुत्र्याचंही होतं. या माणसाच्या जागी नुसतं 'नोकर'. "कुत्र्याचं नाव लिहिलं होतं, कमे," तू म्हणालास, आणि पुन्हा तेच म्हणालास. मी मांडीवरचं भाजीचं सूप बाजूला ठेवलं. तुझा आवाज असा बसलेला मी माय गेली तेव्हाही ऐकला नव्हता.

मी म्हटलं, "मग सांगून टाक सगळ्यांना. पवनीला सांग, पोरांना सांग."

"काय सांगू?"

"जे होतं ते. बूट काळे करत होता."

तू असं पाहिलंस, जणू मीच त्याचं नाव खोडलं.

त्यानंतर जे केलंस, त्याचा मला खरा राग होता. माणूस नवी सोयरीक जुळल्यावर व्याह्यांच्या सात पिढ्या शोधतो, तसा तू रायफल पलटणींच्या मागे लागलास. मोबाइलवर वाचायचास, सुमेधला विचारायचास, मला स्वयंपाकघरात उभं राहून ऐकवायचास. ते संगिनीला तलवार म्हणतात. ते ढोलाऐवजी बिगुलावर चालतात. त्यांची चाल सगळ्यांत जलद. मग तूही तसाच चालायला लागलास. संध्याकाळी वैनगंगेच्या पुलावर हिरवा स्वेटर घालून तू पुढे झपझप, आणि मी गुडघे धरत मागे. सव्वीस जानेवारीच्या परेडमध्ये शाळेची पोरं कशी रेंगाळतात, यावर तू हेडमास्तरांना सुनावून आलास. आणि त्याच शाळेत जाऊन बिल्ला दाखवून सांगायचास, "हा माझ्या पणजोबांचा. रायफलवाले होते." पोरं बिल्ल्याला सलाम ठोकायची. मी पहिल्या रांगेत बसलेली असायची आणि तू माझ्याकडे सोडून सगळीकडे पाहायचास.

खरं कळलं नव्हतं तोवर तू भाबडा होतास. कळल्यावर तू जास्त शिकलास आणि जास्तच खोटं बोलायला लागलास.

आपलं मोठं भांडण झालं ते ब्रशवरून. दसऱ्याला मी पवनीला गेले तर फळीमागे ब्रश नव्हता. मी विचारलं तर म्हणतोस, "कोणता ब्रश?" मला वाटलं, टाकलास वैनगंगेत, देवांच्या मागे. मी नाही नाही ते बोलले. म्हटलं, "तिकडं त्याचं नाव नाही. इकडं तू त्याच्या अंगावर दुसऱ्याचा कोट चढवला. तो माणूस तिकडंही नाही अन् इकडंही नाही. मग तो गेला कुठं?"  मग म्हणालास, आणि ते मी विसरले नाही, "अवं, बुटाचं नाव काढलं का लोक काय म्हणतीन तुले मालूम नाही का? पिढ्यानपिढ्या आपल्याले पायाजवळच बसवलं सारे जणं. एक शिपाई भेटला होता घराले. पोरं त्याच्याकडे पाहून छाती काढून चालतात. तो बी घालवू? तुह्या खऱ्यासाठी?"

  हॉस्टेलातली खाटेची रिकामी झालेली जागा मला आठवत होती. मी एवढंच म्हटलं, "मी आयुष्यभर लोकांची घाण काढली, दादा. दुसऱ्यांचे बेडपॅन धुतले. त्याच्यावर तुझ्या भाच्याला शिकवलं. तुला माझी लाज वाटते का?" तू उठून गेलास. ताट तिथेच होतं.

पुढे तुझं हृदय थकलं आणि भांडायचीच पंचाईत झाली. दवाखान्याच्या कॉरिडॉरमध्ये वॉकर धरून तू एकेक पाऊल टाकायचास. मी मागून म्हणायची, "पलटण, जल्दी चल!" तू हसायला जायचास आणि दम लागायचा. मग मी म्हणणं सोडलं. तुझे पाय चेपताना वाटायचं, आज विषय काढू. तूही कधी कधी माझ्या हातांकडे पाहत राहायचास. पण नर्स येई, नाही तर सुमेध येई, नाही तर तुला झोप लागे. खरं सांगायचं तर मलाच भीती वाटायची, की मी जिंकले तर काय करू.

तर आज सकाळी चहा थंड झाला, आणि मी सुमेधला म्हटलं, "तुझे बाबा असते तर 'शूर सैनिक' लिही म्हणाले असते. तेच लिहून टाक." भांडायला समोर माणूस नाही, तर मी कोणाशी भांडू? मनात म्हटलं, घे, दिलं तुला. ने तुझा शिपाई.

सुमेध उठला. आत गेला आणि तुझा हिरवा स्वेटर घेऊन आला. मला वाटलं, आठवण म्हणून मला देतो आहे. त्याने घडी उलगडली. आत ब्रश होता.

"बाबांनी दवाखान्यात जायच्या आधी माझ्याकडे दिला," तो म्हणाला. "बिल्ल्याचं काही करशील तर हा आत्याले देजो म्हणे. ती सांगीन तेच लिहजो."

"मग सकाळपासून मला विचारून कायले राहिला? दिला का नाही आधी?"

"मीच त्या म्हाताऱ्याचं सगळं बाबाले सांगतलं होतं ना आत्या, भाषांतर मीच केलं," तो खाली पाहत म्हणाला. "मले वाटे, तू पण शिपाईच म्हणशील तर बरं. मंग हा दाखवायची पाळीच येणार नाही. तू तसंच म्हटलं, तर मलेच राहवलं नाही."

अरे दादा! टाकला नव्हतास तर एवढी वर्षं शिव्या कशाला खाल्ल्यास माझ्या? एक शब्द बोलला असतास. मी ब्रश हातात घेतला. खोबणीत बोटं बरोबर बसली, नेहमी बसायची तशी. मायची बसायची, तिच्या सासूची बसत असतील, आणि त्या सगळ्यांच्या आधी त्याची. मी रडले, दादा. सुमेध तिथेच बसून राहिला. तुझ्यासाठी मी अशी अजून रडले नव्हते, भेटायला येणाऱ्यांना सगळं पहिल्यापासून सांगता सांगता राहूनच गेलं होतं.

हरलास आणि मग दिलास, की मला पेलेल असं वाटलं म्हणून दिलास, हे मला कधीच कळणार नाही. शेवटचं अवघड काम मात्र बहिणीवर ढकललंस. ढकलायच्या आधी सांभाळून ठेवलंस, याचे उपकार.

दुपारी आम्ही दोघं ऑटोने बाजारात गेलो. भांडेवाल्याने पाटी काढून काउंटरवर ठेवली, लखलखीत. मशीन हातात घेऊन म्हणाला, "बोला बाई. शिपाई लिहू का सैनिक? सैनिक बरं दिसते."

मी म्हटलं, "लिहा. सोमा. कामठीच्या छावणीत रायफल पलटणीचे बूट आणि पट्टे काळे करत असे. हा बिल्ला आणि हा ब्रश त्याच्या घरून."

त्याने मशीन खाली ठेवलं. "बूट? विहारात लावाची हाये ना जी पाटी?"

"हाव. विहारातच."

"नाही म्हणजे, तुमच्या घरचेच ना? लोक वाचतीन."

"वाचायलाच लावते आहे."

त्याने सुमेधकडे पाहिलं. सुमेध म्हणाला, "आत्या म्हणते तसंच लिहा."  रविवारी हेडमास्तर येतील, ती सलाम ठोकणारी पोरं येतील, आपल्या वस्तीतली माणसं येतील. कोणी तरी म्हणेलच, बाईला भावाची अब्रूसुद्धा ठेवता आली नाही. तुझं म्हणणं मला तिथे उभ्या उभ्या पटत होतं, दादा. तरी मी ओळ मागे घेतली नाही. मशीन घुर्र करत फिरलं आणि 'सोमा' पितळेत उमटलं. त्या माणसाचं नाव कुठेतरी कोरलं जाण्याची ती पहिलीच वेळ असावी.

भांडेवाल्याने शेवटी विचारलं, "खाली सप्रेम भेट टाकू का?" मी नको म्हटलं. सुमेध हसला. त्याचं हसणं तुझ्यासारखं आहे, हे मी आधी कधी नीट पाहिलं नव्हतं.

आता बिल्ला, ब्रश आणि पाटी माझ्यासमोर टेबलावर आहेत. रविवारी मी बोलणार आहे. मुलांना तुझी ती झपझप चालही सांगेन, लपून नेम धरणारे शिपाईही सांगेन, ते सगळं खरंच आहे. मग सांगेन की त्यांचे जीव ज्या काळ्या रंगाआड लपले, तो रंग लावणारे हात आपल्या घरचे होते. सलाम ठोकायचा की नाही ते पोरं बघतील. हॉस्टेलात शिपायाच्या आधाराने उभी राहिलेली मुलगी आता बूटवाल्याच्या आधाराने उभी राहू शकते का, ते मीही बघेन.

दसरा जवळ आला आहे. सुमेधने विचारलं, "आत्या, द्यायच्या आधी बिल्ला घासून घेतेस का? जरा मळला आहे." मी पाहिलं. खरंच, शिंगाच्या वळणात काळं धरलं आहे. तू आजारी होतास म्हणून गेल्या दसऱ्याला हात लागला नव्हता. पितळच ते. सोडून दिलं की आपोआप काळं होतं, त्याला कोणी काही करावं लागत नाही.

चिंच भिजवली नाही, दादा. कोपऱ्यात काळं राहिलं आहे, राहू दे. माझेही हात दुखतात आता.